गाळलेली गोळी

पाण्याची एवढी बडदास्त ठेवणारं घर नवापूरच्या बाजारपेठेत दुसरं नव्हतं. परसातल्या विहिरीचं पाणी आधी जाड सुती फडक्यातून गाळायचं, मग उकळायचं, मग निववायचं. आणि फडक्यात जे काही अडकलं असेल, डोळ्यांना दिसो न दिसो, ते थोड्या पाण्यात खळबळून, बुडाला कडी असलेल्या, पाण्याला टेकल्यावर उलटी होणाऱ्या बादलीतून पुन्हा विहिरीत अलगद सोडायचं. याला जिवाणी म्हणतात. पाण्यातले बारीक जीव आपल्यामुळे मरू नयेत, त्यांचं घर त्यांना परत मिळावं, एवढाच त्यातला भाव. हुलासबाई लग्न होऊन राजस्थानातून इथे आल्या त्याला एकतीस वर्षं झाली. सासूबाईंनी शिकवलेल्या बाकीच्या पुष्कळ गोष्टी त्या सोयीने विसरल्या, पण जिवाणी एक दिवसही चुकवली नाही.

घर वर, कपड्यांचं दुकान खाली. पाटीवर नाव नवऱ्याचं, नेमीचंद यांचं, पण डोंगराकडच्या गावांतून येणाऱ्या बाया ‘शेठाणीचं दुकान’च म्हणत. कारण गादीवर हुलासबाई बसत. बाई दारात दिसली की तिच्या अंगावर कोणता रंग खुलेल, तिच्या कमरेच्या पिशवीत किती पैसे असतील आणि ती घासाघीस किती वेळ करेल, हे तिन्ही त्यांना एका नजरेत कळे. गादीवर बसलेल्या हुलासबाई म्हणजे राणी. अडचण उठण्याची होती. वजन एकशे बारा किलो, गुडघे कुरकुरणारे, आणि चारचौघांत उभं राहिलं की लोक आपल्याकडेच बघतात ही सतत धास्ती. म्हणून त्या लग्नाला जात नसत, जत्रेला जात नसत, फोटोत तर नसतच.

धास्तीवर त्यांचं औषध चालू होतं. सात वर्षांपूर्वी काही कारण नसताना छातीत धडधडायला लागलं, रस्ता ओलांडताना पाय लटपटायला लागले, तेव्हा नंदुरबारच्या मनाच्या डॉक्टरांनी रोज एक कॅपसुल लिहून दिली. ही गोष्ट घरात तिघांनाच ठाऊक: त्या, नेमीचंद आणि सून चांदनी. नेमीचंद औषध नंदुरबारहूनच आणत, गावातल्या दुकानातून नाही. कॅपसुलचं चकचकीत कवच जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात हे हुलासबाईंना एका व्याख्यानात कळलं होतं. त्यामुळे त्या कवच उघडून आतले साबुदाण्याहून बारीक पांढरे दाणे चमचाभर दह्यावर घेत आणि कवच केरात टाकत. डॉक्टरांनाही ते चाललं. धर्म राहिला, औषधही लागू पडलं, सात वर्षं कशी सुखाची गेली.

मग सप्टेंबरात, पर्युषण आटोपल्यावर, त्यांनी सुरतेला जाऊन पोटाची शस्त्रक्रिया करून घेतली. वजन उतरवण्याची. नेमीचंद नको म्हणत होते, नोकरीसाठी पुण्यात असलेला मुलगा श्रेणिक, चांदनीचा नवरा, फोनवर नको म्हणत होता, शेजारपाजारचे तर विचारूच नका. हुलासबाईंनी कोणाचं ऐकलं नाही. “मले एकदा तरी नीट उभं ऱ्हावानं शे,” एवढंच त्या म्हणाल्या. मारवाडी भाषा माहेरी राहिली होती. एकतीस वर्षं गिऱ्हाइकांशी बोलून बोलून दुकानातली अहिराणी जिन्याने वर चढून या घराची घरबोली झाली होती.

शस्त्रक्रिया झकास झाली. पोट वाटीएवढं उरलं. दीड महिन्यात सोळा किलो गेले. आणि त्याच दीड महिन्यात हुलासबाईंचं मन पार विस्कटलं.

आधी चक्कर. मग मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखी सणक. मग जुनी धडधड, पण पहिल्यापेक्षा दसपट. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं की घाम फुटे आणि त्या मागे फिरत. ऐन दिवाळीत, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, शेठाणी वर खोलीत पांघरूण घेऊन पडलेली. बाया खालून विचारायच्या, “शेठाणी कठे शे?” आणि नेमीचंद खोटं बोलायचे, “माहेरी गयी.” माहेर दोन हात वर होतं.

नेमीचंद मूळचे वाईट नव्हेत, पण ‘मी सांगेल व्हतं’ हे तीन शब्द त्यांना फार प्रिय. “पोट कापं, आन् आते डोकं बी गयं. मी सांगेल व्हतं!” असं दिवसातून चारदा. हुलासबाईंना स्वतःलाही तसंच वाटू लागलं होतं. औषध तर रोज घेतेय, मग हे कशाने? पोटाबरोबर डॉक्टरांनी आणखीही काहीतरी कापून टाकलं असणार. हे विचार त्यांना रडवत, आणि रडणंही असं की कारण विचारलं तर सांगता येत नाही.

दिवाळीनंतर नेमीचंदांनी निर्णय सांगितला. नाताळ आला होता. नवापूरकडच्या डोंगरपट्ट्यात नाताळ म्हणजे कापडवाल्यांची खरी दिवाळी. गावोगावच्या ख्रिस्ती घरांतून सगळ्यांना नवे कपडे लागतात. त्यांनी नंदुरबारहून एक सेल्समन बोलावला होता, दिवाल्या नावाचा. तरुण, चटपटीत, केसांना जेल. एक तारखेपासून तो गादीवर बसणार. “नाताळपुरता का?” हुलासबाईंनी विचारलं. नेमीचंद खिडकीबाहेर बघत म्हणाले, “देखू.”

त्या ‘देखू’चा अर्थ हुलासबाईंना चांगला कळला. एकदा गादी गेली की त्या फक्त वरच्या मजल्यावरच्या आजारी बाई उरणार होत्या.

अशात एका सकाळी प्रिस्किला आली. प्रिस्किला चिंचपाड्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि गावच्या चर्चमधल्या गायनमंडळाची पुढारीण. मंडळात बत्तीस बाया. दर नाताळला सगळ्यांच्या साड्या एकाच रंगाच्या, आणि तो रंग निवडायचा हुलासबाईंनी, असा दहा वर्षांचा शिरस्ता. प्रिस्किला ऑर्डर देताना तेहतीस सांगे. “तेहतिसावी तुम्हनी, भाभी. आवंदा या, आमना बरोबर उभ्या ऱ्हा.” हुलासबाई हसून साडी घेत आणि कपाटात ठेवत. दहा साड्या तिथे घडीही न मोडता पडून होत्या.

‘माहेरी गयी’ हे उत्तर प्रिस्किलाला पटलं नाही. दवाखान्यात वीस वर्षं काढलेल्या बाईला असं गंडवता येत नाही. ती सरळ जिना चढून वर आली, तर हुलासबाई स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या. एका हातात भांडं, दुसऱ्या हातात फडकं. इतक्या उतरलेल्या की प्रिस्किला क्षणभर दारातच थबकली. पण चेहरा पाहून वजनाचं काही बोलली नाही.

“बठ,” हुलासबाई म्हणाल्या. “मी औषध ली लेस पहिलं.”

त्यांनी कॅपसुल उघडली. कवच केरात टाकलं. दाणे अर्धा पेला पाण्यात ओतले आणि चमच्याने ढवळ ढवळ ढवळले. मग दुसऱ्या पेल्यावर फडकं धरून ते पाणी नीट गाळलं, फडकं पिळलं, आणि गाळलेलं पाणी घोट घोट करून पिऊन टाकलं.

प्रिस्किलाचे डोळे विस्फारले. “भाभी, हाई काय करी ऱ्हायनात?”

“औषध लिधं.”

“गाळीसन?”

“डॉक्टरना कागदवर लिखेल शे ना! समदं गाळीसन लेवानं, कण बी पोटमा जावाले नको.”

कागद भिंतीवर डकवलेला होता. सुरतेच्या आहारवाल्या बाईंनी दिलेला. पहिले दोन आठवडे फक्त गाळलेले पातळ पदार्थ. दोन आठवडे! पण हुलासबाईंनी पोटाच्या काळजीपोटी त्याचे सहा केले होते. डाळीचं पाणी गाळून, ताक गाळून, आणि औषधसुद्धा. ज्या घरात पाणीही गाळल्याशिवाय घशाखाली उतरत नाही, तिथे गाळा म्हटल्यावर कोण मागेपुढे बघणार? अति तेथे माती म्हणतात ते असं.

प्रिस्किलाने कॅपसुलच्या पाकिटावरचं नाव वाचलं, मग फडकं हातात घेतलं आणि खिडकीच्या उजेडात पसरलं. त्यावर पांढरे दाणे जसेच्या तसे चिकटलेले. एकही विरघळलेला नाही.

“भाभी, हाऊ दाणा पाणीमा विरघळतच नही. पोटमा जाईसन दिनभर हळूहळू विरघळाकरता बनाडेल शे. औषध ते आठेच शे, फडकामा! कितला दिनपाईन चालू शे हाई?”

“दीड महिना,” हुलासबाई पुटपुटल्या.

“म्हंजे दीड महिनापाईन तुम्ही नुसतं पाणी पी ऱ्हायनात. आन् ह्या फडकानं काय करतस?”

हुलासबाईंनी सवयीने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खाली परस. परसात विहीर.

प्रिस्किला विहिरीकडे बघत राहिली. मग खुर्चीवर बसली. मग तिचे खांदे हलायला लागले. “अवं माय वं,” ती कशीबशी म्हणाली, “दीड महिनापाईन औषध तुम्हनी विहीर ली ऱ्हायनी!”

आणि ती अशी हसली की खाली गल्ल्यावरचे नेमीचंद दचकले. चांदनी धावत आली, तिला सगळं कळलं, आणि तीही पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकली. हुलासबाई आधी रागावल्या, मग गोंधळल्या, आणि मग दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्या पोटातून, त्या वाटीएवढ्या पोटातून, हसू फुटलं. हसता हसता त्या रडल्या. सुरतेच्या डॉक्टरांनी मन कापून टाकलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! आपलं मन धडधाकट होतं, त्याचं औषध फक्त विहिरीत जात होतं.

पण हसू ओसरताच त्यांच्या चेहऱ्यावर दुसरी काळजी आली. “विहिरीमधला जीव? त्यासले काही व्हयनं ते नही ना?” विहिरीत एक जुनं कासव होतं, मासोळ्या होत्या, बारीकसारीक जीव तर अगणित. एकतीस वर्षं ज्यांना जपलं, त्यांनाच आपण औषध पाजलं! तेवढ्यात नेमीचंद वर आले होते. बायकोचं मन ठिकाणावर असल्याचा आनंद करायचं सोडून ते तडक परसात गेले आणि विहिरीत डोकावले. कासव काठाच्या दगडावर पाय पसरून निवांत ऊन खात होतं.

“जित्तं शे!” त्यांनी खालून ओरडून सांगितलं. “मजामा शे!”

“मजामा राहीनच,” प्रिस्किला खिडकीतून म्हणाली. “आन् शेठ, तुम्ही बी तेच पाणी पी ऱ्हायनात ना? तरीच आवंदा दिवाळीमा कोणसंगे भांडनात नहीत!”

एवढ्या मोठ्या विहिरीत एवढ्याशा दाण्यांनी काही होत नसतं, हे तिने नंतर हुलासबाईंना नीट बसून समजावलं. तरी नेमीचंद त्या दिवसापासून कासवाला रोज पोळी चुरून घालू लागले.

मग प्रिस्किला नर्ससारखी बोलू लागली. आजच्या आज आपल्या मनाने दोन कॅपसुला घेऊन भरपाई करायची नाही. दीड महिन्याचा खंड पडलाय, तेव्हा डॉक्टर सांगतील तिथूनच सुरुवात. “आन् सुरतवाला डॉक्टरले हाई औषध माहीत शे ना?”

नेमीचंद आता परसातून वर आले होते. हुलासबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. शस्त्रक्रियेआधीचा फॉर्म नेमीचंदांनी आपल्या वळणदार अक्षरात भरला होता. ‘इतर कोणती औषधे चालू आहेत?’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: काही नाही.

“लोके काय म्हणतीन, असं वाटनं मले,” ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान हुलासबाईंनी कधी ऐकला नव्हता. दीड महिना ‘मी सांगेल व्हतं’ म्हणणाऱ्या माणसाने सांगायचं तेच सांगितलं नव्हतं. हुलासबाई एवढंच म्हणाल्या, “मन्हं पोट कापाना आधी तुम्हीन मन्हं औषध खोडी टाकं. आते तुम्हीच फोन लावा.”

नेमीचंदांनी फोन लावला. आधी सुरतेला, मग नंदुरबारला. दोन्ही वेळा कपाळाचा घाम पुसत, पण एकही शब्द न लपवता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. ते आधी हसले आणि मग गंभीर झाले. म्हणाले, बरं झालं कळलं, कारण तुम्ही दाणे न गाळता घेतले असते तरी आता हे औषध तुम्हाला पुरतं लागू पडलंच असतं असं नाही. पोट लहान झालं, आतला रस्ता बदलला. दिवसभर हळूहळू विरघळणारं औषध कधी कधी पुरतं विरघळायच्या आतच पुढे निघून जातं. त्यांनी साधी गोळी दिली, लवकर विरघळणारी. थोड्या मात्रेपासून सुरुवात, दिवसातून दोनदा. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला, म्हणजे सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालण्याचा नेमही मोडायला नको. गोळीला कवच नव्हतं. “ही मात्र गाळायची नाही,” डॉक्टर म्हणाले. “आणि घाई नको. दोन-तीन आठवडे लागतील.”

लागलेच. पहिल्या आठवड्यात काही फरक पडला नाही, आणि हुलासबाई पुन्हा पांघरुणात शिरल्या. दुसऱ्या आठवड्यात डोक्यातली वीज थांबली. एका सकाळी चांदनीने केलेल्या मुगाच्या पातळ खिचडीचे त्यांनी सहा चमचे खाल्ले आणि मीठ कमी असल्याची तक्रार केली. चांदनीने ती आनंदाने ऐकून घेतली. जिना मात्र अजून तिसऱ्या पायरीवरच अडत होता. त्या मनात पायऱ्या मोजत: एक, दोन, तीन. आणि मागे.

डिसेंबर लागला. दिवाल्या जेल लावून गादीवर बसला. पहिल्याच आठवड्यात गायनमंडळाच्या दहा-बारा बाया साड्या बघायला आल्या, प्रिस्किला आणि म्हातारी रमीबाई पुढे. ब्लाउज शिवायला पंधरा दिवस लागणार, म्हणजे आज रंग ठरलाच पाहिजे. हुलासबाई वर जिन्याच्या तोंडाशी बसून ऐकत होत्या. दिवाल्या गठ्ठे फोडत होता आणि तोंडाने पट्टा चालू होता: लेटेस्ट आहे, सुरतेत हाच चालतो, मावशी तुम्ही वीस वर्षांच्या दिसाल. मग तो म्हणाला, “हा गुलाबी घ्या. बत्तीसच्या बत्तीस आज देतो.”

कापड उलगडल्याचा सर्रकन आवाज वर आला. नुसत्या आवाजावरून हुलासबाईंना ते ओळखू आलं. तो माल त्यांनीच गेल्या वर्षी मागे सारून ठेवला होता.

“अरे, तो रंग देऊ नको त्यासले!” त्या वरूनच कडाडल्या. “एक उन्हाळामा धवळा पडी जाई! रमीबाई शेतमा नेसस तिन्ही साडी! आन् तू तिले मावशी काय म्हणस रे, आजी शे ती तुन्ही!”

बोलता बोलता त्या उठल्या होत्या. बोलता बोलता उतरत होत्या. वरच्या फळीवर, डावीकडे, राणी रंगाच्या मागे जांभळ्याचा गठ्ठा आहे, पिकल्या जांभळासारखा, तो काढ. नाही तो नाही, त्याच्या खालचा. धू धू धुतला तरी हटणार नाही. हे सगळं सांगत त्या गादीपाशी पोचल्या तेव्हा सगळ्या बाया साड्या सोडून त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांनी वळून जिन्याकडे पाहिलं. अठरा पायऱ्या. एकही मोजली नव्हती.

छाती धडधडत होती, नाही असं नाही. पण ती आपली ओळखीची धडधड होती, जिना उतरलेल्या बाईची. रमीबाईने पुढे होऊन त्यांचा दंड चाचपला. “शेठाणी, तू ते अर्धी व्हई गयी वं! आजारी व्हती का?”

नेमीचंदांनी गल्ल्यावरून तोंड उघडलं. माहेर त्यांच्या जिभेवर आलं होतं. मग त्यांनी ते गिळलं. “व्हती आजारी,” ते म्हणाले. “मननं दुखनं व्हतं. औषध चालू शे. आते बरी शे.”

कोणी दचकलं नाही. रमीबाई म्हणाली, “मन्ही सून बी लेस असं औषध,” आणि जांभळ्या साडीचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून बघू लागली. एकतीस वर्षांच्या संसारात हुलासबाईंना नवरा एवढा देखणा कधी दिसला नव्हता. दिवाल्या आपण होऊन गादीवरून उठला, आणि त्या बसल्या.

“तेहतीस ना?” त्यांनी विचारलं.

“तेहतीस,” प्रिस्किला म्हणाली.

नाताळच्या सकाळी चर्चच्या अंगणात मांडव घातला होता. हुलासबाईंनी जांभळी साडी नेसली. निऱ्या किती येतात हे त्यांनी चांदनीला दोनदा मोजायला लावलं. सात आल्या. पूर्वी साडी कशीबशी अंगाला पुरायची, निऱ्या दोनच यायच्या. तेहतीस बाया तीन रांगांत उभ्या राहिल्या आणि हुलासबाई दुसऱ्या रांगेत, रमीबाईशेजारी. गाणं कोकणीत होतं, गोव्याच्या नव्हे, इथल्या डोंगरातल्या आदिवासींच्या कोकणीत. शब्द त्यांना निम्मे कळत होते, सूर सगळा कळत होता. लोक त्यांच्याकडे बघत होते. त्याही लोकांकडे बघत होत्या.

दुसरं कडवं संपलं, आणि त्यांच्या कमरेच्या बटव्यात मोबाइल वाजायला लागला. दहाचा गजर. हुलासबाईंचे कान तापले. त्या बटवा पदराखाली दाबायला लागल्या. तेवढ्यात शेवटच्या बाकावर नेमीचंद उठून उभे राहिले, हातात पाण्याची बाटली.

“अवं!” ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडले. “दहा वाजनात! तुन्ही गोळी!”

मांडवात हशा पिकला. प्रिस्किलाने हात वर करून गाणं थांबवलं. बाटली बाकाबाकावरून, हाताहाताने पुढे आली. हुलासबाईंनी बत्तीस बायांच्या मधे उभ्या उभ्या पांढरी गोळी जिभेवर ठेवली आणि वर दोन घोट पाणी प्यायल्या. पाणी घरून गाळून आणलेलं होतं. गोळी मात्र अख्खी घेतली.